तिसऱ्या रांगेचं माप

दुर्पताने एकोणीस नंबरच्या उंदराला तळहातावर घेतलं, पाठीवरून एक बोट फिरवलं आणि काट्यावरच्या डब्यात सोडलं. नवी पोरं हातमोजे चढवून उंदीर निखाऱ्यासारखे धरायची आणि चावून घ्यायची. दुर्पताला इथल्या सहा वर्षांच्या नोकरीत एकदाही दात लागला नव्हता.

"चारशे बारा," ती म्हणाली.

भूमिका मॅडमनी आकडा लिहून घेतला. गोंदियातल्या त्या कॉलेजच्या प्राणिगृहात त्यांचं संशोधन चाललं होतं. वजन उतरवायचं ऑपरेशन नेमकं काम कसं करतं, हा प्रश्न. पहिल्या रांगेतल्या उंदरांचं पोट लहान करून आतडं वळवलेलं. दुसऱ्या रांगेतल्यांना नुसती चीर आणि टाके, खाणं मनसोक्त. तिसऱ्या रांगेलाही नुसते टाकेच, पण खाणं मापून. पहिल्या रांगेतला जोडीदार आज जेवढं खाईल, तेवढंच उद्या याला, एक दाणा जास्त नाही. ऑपरेशन म्हणजे फक्त कमी खाणं असेल, तर पहिली आणि तिसरी रांग सारखीच वागायला हवी होती.

ती वागत नव्हती. पहिल्या रांगेतले थोडंसं खाऊन कोपऱ्यात गोल होऊन झोपत. तिसऱ्या रांगेतले रिकामी जाळी चाटत बसत, आणि तेवढंच खाऊनही त्यांचं वजन तेवढं उतरत नसे.

दुर्पताचं स्वतःचं वजन एकशे आठ किलो. साखर गोळ्यांना जुमानत नव्हती, गुडघे रोज सकाळी रुसून बसत. नागपूरच्या डॉक्टरांनी शेवटी ऑपरेशनची तारीख दिली होती. या कागदावर घरच्या माणसाची सही तेवढी आणा म्हणाले होते. आणि घरचा माणूस सही करत नव्हता.

केशोराव कामठ्याच्या धान खरेदी केंद्रावर मापाडी होते. बावीस वर्षांत आपला काटा कोणाकडे केसभरही झुकला नाही, याचा त्यांना कोण अभिमान! आणि तो खोटाही नव्हता. फक्त जगातली प्रत्येक गोष्ट त्यांच्या लेखी पोतं होती, बायकोसुद्धा.

"पोत्यात जेवढं घालशीन तेवढंच भरते," ते म्हणाले. "कमी खा, कमी होशीन. चांगलं पोट कायले फाडून घेतेस?"

"कमीच खाऊन राहिली ना मी."

"चुलीपाशी चाखत असशीन. हवेनं कोनी फुगते का?"

हे वाक्य तिने चार वर्षं ऐकलं होतं आणि दर वेळी ते तितकंच लागलं होतं. पण या खेपेला ती रडली नाही, भांडलीही नाही. काट्याशी वाद घालून चालत नाही, त्यावर काहीतरी ठेवावं लागतं, एवढं ती प्राणिगृहात शिकली होती.

"कमी खानं एवढं सोपं आहे, तं तुमी पंधरा दिवस मापानं जेवून दाखवा," ती म्हणाली. "मी वाढीन तेवढंच. पंधरा दिवसांनी भूक नाही लागली म्हनान, तं तो कागद मी आपल्या हातानं फाडीन."

"पंधरा कायले, महिनाभर जेवतो!"

मॅडमनी मोडीत काढलेला छोटा काटा दुर्पताने मागून घरी आणला. भात, लाखोळीचं वरण, अंबाडीची भाजी, सगळं त्यावर चढू लागलं. पहिले दोन दिवस केशोरावांनी थट्टा केली. "उंदराले शिधा मोजतेस का मले?" तिसऱ्या दिवशी त्यांनी वरणाची वाटी बोटाने पुसून घेतली. पाचव्या दिवशी केंद्रावर ओल्या धानावरून एका शेतकऱ्याच्या अंगावर धावून गेले, जे त्यांनी जन्मात केलं नव्हतं. शेजारच्या घरून फोडणीचा वास आला की ते उठून अंगणात जात, आणि अंगणात तो जास्तच येई.

नवव्या दिवशी दुर्पताला घ्यायला ते गोंदियाला आले. वाटेत कचोरीच्या गाडीसमोर त्यांनी मोटारसायकल थांबवली, दोन घाणे तळून होईस्तोवर बघत राहिले आणि तसेच पुढे निघाले. शब्द म्हणजे शब्द. प्राणिगृहात बाहेरच्याला जाऊ देत नाहीत, म्हणून ते दाराच्या काचेला नाक लावून उभे राहिले. तिसरी रांग दाराशीच होती.

दुर्पता हात धुऊन बाहेर आली, तरी ते हलले नाहीत.

"हा काऊन जाळी चाटून राहिला? त्यात तं काहीच नाही."

"त्याले मालूम आहे," ती म्हणाली.

केशोराव घरी ताटावर बसले, भाताच्या त्या मूठभर ढिगाकडे बघत राहिले आणि म्हणाले,

"ऑपरेशनवाला मानूस एवढंच खाते, अन् त्याले भूक नाही लागत?"

"पहिल्यासारखी नाही लागत. आतूनच बदलते म्हनतेत मॅडम. म्हनूनच तं ऑपरेशन."

"हे माप मॅडमनं देलं का तुले?"

"नाही."

ती आत गेली. लग्नापासून ती त्यांच्या मागून जेवत आली होती. तिचं ताट त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. आज तिने ते वाढून बाहेर आणलं आणि त्यांच्या देखत एकेक वाटी काट्यावर ठेवली. भात दीडशे. वरण नव्वद. भाजी साठ.

"आज मी जेवढं जेवतो, तेवढंच उद्या तुमच्या ताटात," ती म्हणाली. "नऊ दिवसांपासून तुमची जोड माझ्याशीच लावली."

केशोरावांनी आकडे पाहिले. आकडे त्यांना कळत.

"कवापासून?"

"डॉक्टरनं पहिल्यांदा खानं कमी कर म्हटलं तवापासून. चार वर्षं झाली."

चूल केव्हाच विझली होती. केशोरावांनी एकदा तिकडे पाहिलं. मग ते उठले, हात धोतराला पुसले, फडताळातला दवाखान्याचा कागद काढला आणि पोत्यावर खूण करताना दाबतात तसा पेन दाबून सही केली.

दुर्पताला हसू आलं आणि डोळेही भरले. "उद्यापासून पोटभर वाढतो तुमाले," ती म्हणाली.

"नाही. तुझी तारीख येतवर मापानंच." ते पुन्हा ताटावर बसले. "अन् मागून नोको जेवू. बस इथं. आन तो चमचा."

काटा त्यांनी आपल्यापुढे ओढला. आधी स्वतःचा भात मोजला, दीडशे. मग दुर्पताची वाटी ठेवली. दीडशे झाले, आणि भात वाढणारा हात थांबला नाही. एकशे सत्तर. केशोराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. नजर तिथेच ठेवून त्यांनी वाटी तिच्यापुढे सरकवली.

प्राणिगृहात असं घडलं असतं, तर मॅडमनी अख्खी रांग बाद केली असती. दुर्पताने आकडा पाहिला आणि काटा बंद केला.