मनूचा जोडीदार

शेंद्र्याच्या कारखान्यातून फोन आला तेव्हा नीरजा शेपू निवडत बसली होती. सकाळी हिमांशू नेहमीसारखाच दारात बूट घालता घालता लेकीला म्हणाला होता, "कमिंग, मनू." आणि पहिलीतल्या मनूनं नेहमीसारखंच त्याला टोकलं होतं, "पप्पा, निघताना बाय म्हणायचं." त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर, "आपल्यात जातो म्हणत नाहीत बेटा, येतो म्हणतात. मग इंग्रजीत कमिंगच की."

दुपारी फोनवरच्या माणसानं एवढंच सांगितलं, हिमांशू गेले.

तेव्हापासून मनूचं बोलणं बंद झालं, घरात नाही की शाळेत नाही. चार महिन्यांनी गजाला मिसनी नीरजाला बाजूला घेतलं. "बोललीच नाही तर पुढच्या वर्गात कसं घालू, ताई?" मग त्यांनीच, इंग्रजी शब्द यावेत म्हणून वर्गातली मुलं खेळत तो ऑनलाइन खेळ मोबाइलवर घालून दिला. चित्र दिसलं की शब्द मोठ्यानं म्हणायचा, तो पडद्यावर उमटायचा, मग जोडीदाराची पाळी.

पुंडलिकनगरातल्या त्या दोन खोल्यांत आठवडाभर मोबाइलच बोलत राहिला. मग एका दुपारी पोळ्या लाटताना नीरजाला ऐकू आलं, "अम्ब्रेला." बारीक, बसलेला, पण मनूचाच आवाज. त्यानंतर रोज नवे शब्द येऊ लागले. पलीकडचा जोडीदार, उंटाचं चित्र लावलेला, गाईच्या चित्राखाली खुशाल 'डॉग' उमटवायचा आणि मनू खुदकन हसायची.

नीरजा मुद्दाम शाळेत गेली. "जोडीदार फार गुणी दिलात, मिस. कुणाचा मुलगा?"

"जोडीदार?" गजाला मिस थबकल्या. "तिला अजून कुणाशी जोडलंच नाही मी. बोलत नव्हती ना, दुसऱ्या पोरानं किती थांबायचं? एकटीच खेळते ती."

त्या संध्याकाळी नीरजा पहिल्यांदाच मनूच्या मागं जाऊन बसली. खेळ संपत आला होता. उंटाखाली निरोपाचा शब्द उमटला, 'कमिंग'.

मनू मान वर न करता ठसक्यात म्हणाली, "पप्पा, निघताना बाय म्हणायचं."

इतक्या दिवसांत तिच्या तोंडून आलेलं ते पहिलं अख्खं वाक्य. नीरजा जागची हलली नाही. दिवेलागण झाली, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या झाल्या, आणि मनू पाय हलवत उद्याचे शब्द मोठ्यानं घोकत राहिली.

त्या रात्री दाराची कडी लावायची राहून गेली.