तिसरा सिलिंडर

नवे स्पार्क प्लग घातल्यावर गाडी सुधारायची सोडून बिघडली, हे धाकट्याच्या पचनीच पडेना. सकाळी शेडमधून बाहेर काढताना ती कुरकुरत का होईना, नीट चालत होती. दुसऱ्या दिवशी तो ती स्वतःच्या घरी घेऊन जाणार होता. लांबचा रस्ता, म्हणून त्याने चारही जुने प्लग काढून नवे बसवले, किल्ली फिरवली, आणि इंजिन असं थरथरायला लागलं की मडगार्डवर ठेवलेला पाना घसरून खाली पडला.

"मिसिंग मारतेय," तो म्हणाला.

"ते शेजाऱ्यांनाही कळलंय," दारात खोकी बांधत बसलेली थोरली म्हणाली.

आई आता थोरलीकडे राहायला जाणार होती. घर रिकामं होत होतं. कपाटं, भांडी, गाद्या यांचं काय करायचं यावरून दोघा भावंडांची चार दिवस किरकोळ बाचाबाची चालली होती. गाडीवरून मात्र एकदाही झाली नाही. ती विकायची नाही, हे कुणीही न बोलताच ठरलं होतं.

गाडी आईची होती. आई बाळंतपणं करणारी नर्स. दवाखान्याची गाडी कधी वेळेवर मिळायची नाही, म्हणून तिने ही जुनी घेतली आणि आसपासच्या सगळ्या वस्त्या तिच्यातून पालथ्या घातल्या. मागच्या सीटला स्पिरिटचा आणि पेट्रोलचा मिळून एक वास होता. भावंडांना लहानपणी तोच आईचा वास वाटायचा. एका बाईचं बाळंतपण तर त्या सीटवरच झालं, आणि नंतर कित्येक दिवस दोघंही तिथे बसायला मिळावं म्हणून भांडत होती. वडील शिवणकाम करायचे. त्यांनी जन्मात स्टिअरिंगला हात लावला नाही. "चालवायला ती शिकली, मी बसायला शिकलो," असं ते येईल त्याला सांगायचे, आणि खरंच, तिच्या शेजारी ऐटीत बसायचे.

गाडीची दुरुस्तीही आईच करायची. सुट्टीच्या दिवशी बॉनेट उघडून ती आत वाकलेली असायची. धाकटा पाने द्यायचा, थोरली किल्ली फिरवायची. इंजिनचा नुसता आवाज ऐकून आई दुखणं सांगायची. "हिला खोकला झालाय," म्हणायची, किंवा "आज हिचं पोट बिघडलंय." बाळंतिणींशीही ती अशीच बोलत असावी, असं दोघांना वाटायचं.

धाकट्याने आता वायरी तपासल्या. काढण्याआधी त्याने मोबाइलवर फोटो घेऊन ठेवला होता. फोटो पाहून एकेक वायर त्याने बोटाने शोधली. अदलाबदल झाली नव्हती. प्लग पुन्हा घट्ट केले. गाडी तशीच थरथरत होती.

"मेकॅनिकला बोलावू या," तो म्हणाला. "आईला सांगू नकोस. उगाच जिवाला लावून घेईल."

पण आई आलीच. तिला ऐकू येत नव्हतं, पण खिडकीतून दिसत होतं. कानातलं यंत्र तिने नेहमीप्रमाणे डबीत ठेवलं होतं. त्याच्याने भांडी तेवढी जोरात वाजतात, माणसं तशीच पुटपुटतात, अशी तिची तक्रार होती. ती हळूहळू पायऱ्या उतरली, चालू इंजिनपाशी आली आणि काही न विचारता मडगार्डवर तळहात ठेवून उभी राहिली. डोळे मिटले.

"एक पाय लंगडतोय," ती म्हणाली.

भावंडांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तुला कसं कळतंय?" थोरलीने तिच्या समोर येऊन, तोंड मोठं करून विचारलं.

"हाताला. कान गेले तेव्हापासून अशीच बघते. रोज सकाळी चालू करायची आणि हात ठेवायचा."

 रोज व्हिडिओ कॉलवर थोरली आईला "काय करतेस" विचारायची आणि आई "काही नाही, बसलेय" म्हणायची. त्या 'काही नाही'मध्ये हे होतं.

"कोणता पाय ते शोधू," आई म्हणाली. "गाडी बंद कर. पहिल्या प्लगवरची वायरीची टोपी काढ, मग चालू कर. चालू असताना हात घालू नकोस. झटका बसला तर हात थेट पंख्यात जाईल."

थोरली किल्लीपाशी बसली. न ठरवताच दोघं आपापल्या जुन्या जागी गेली होती. पहिली टोपी निघाली, इंजिन आणखी जोरात हलायला लागलं. "हा काम करत होता," आई म्हणाली. "लाव परत." दुसरीलाही तसंच झालं. तिसरी टोपी काढली, किल्ली फिरली, आणि काहीच फरक पडला नाही. थरथर होती तेवढीच राहिली.

"हाच. हा असून नसल्यासारखा."

"म्हणजे नवा प्लगच खराब निघाला," धाकटा म्हणाला.

त्याच्या ओठांकडे बघून आईने मान हलवली. "लगेच नाव नको ठेवूस. तो प्लग दुसऱ्या सिलिंडरमध्ये घाल, दुसऱ्यातला तिसऱ्यात. प्लग वाईट असेल तर खोड त्याच्याबरोबर जाईल."

इंजिन जरा निवू दिलं. प्लग बदलले. खोड गेली नाही, तिसऱ्यातच राहिली. मग धाकट्याने त्या वायरीची रबरी टोपी उलटी करून उजेडात धरली. प्लगला पकडणारी आतली पत्र्याची चिमटी निखळून एका बाजूला पडली होती.

"सकाळी काढताना तू टोपी धरलीस की वायर ओढलीस?" आईने विचारलं.

"टोपी निघेना. वायर ओढली."

"मीही पहिल्यांदा ओढलीच होती. तुझ्या बाबांना तासभर उन्हात बसवलं होतं." ती हसली. "वायर लांब आहे. टोक काप, चिमटी नव्याने दाब."

पक्कड तिने आधी स्वतःच्या हातात घेतली. ती पुरेशी दाबली जाईना, तशी तिने ती थोरलीला दिली. थोरलीने वायर सोलली, चिमटी दाबून बसवली, टोपी चढवली. या वेळी इंजिन चालू झालं ते गुळगुळीत. आईने पुन्हा मडगार्डवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. धाकट्याने उगाचच कापडाने पाने पुसून घेतले.

"थोडी फिरवून आण," तो आईला म्हणाला, आणि किल्लीकडे बोट दाखवलं.

"नको. मागचं ऐकू येत नाही, वळायला भीती वाटते," ती सरळ म्हणाली. "मला बसव."

ती शेजारच्या सीटवर बसली. त्या सीटवर ती कधी बसलीच नव्हती. पट्टा कुठे आहे ते तिला सापडेना, तो धाकट्याने लावून दिला. दवाखान्याच्या जुन्या फाटकापर्यंत जाऊन तिघं परत आली. वाटेत ती खिडकीबाहेर बघत एकेक घर सांगत होती. इथे जुळी, इथे पायाळू, इथली आता स्वतः आजी झालीय.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा निघाला. आईने त्याला पाणी तपासायला सांगितलं, टायर तपासायला सांगितलं, आणि चढावर घाई करू नकोस असं दोनदा बजावलं. गाडी कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली. तरी आई फाटकातून हलली नाही. तिने थोरलीच्या तोंडाकडे पाहिलं.

"ऐकू येतेय का अजून?"

"येतेय," थोरली म्हणाली. "चढाला लागली. नीट चाललीय."

"गेली की सांग."

थोरलीने मान डोलावली आणि आईच्या हाताला धरून तशीच कान देऊन उभी राहिली.