स्वेटरची बाही

स्वेटरची उजवी बाही कंप्युटरच्या डब्याच्या बाजूला, जाळीसमोर लोंबत होती. कंप्युटर नुसता चालू असताना ती स्थिर असायची. गेम सुरू झाला की हळूहळू जाळीकडे सरकायची आणि शेवटी तिला चिकटून बसायची. हे मी पाहिलं, खोलीत दाटीवाटीने बसलेल्या सगळ्यांनीही पाहिलं. फक्त त्यांना त्यात माझ्या गेलेल्या मेहुण्याचा हात दिसत होता.

मेहुण्याला मोटारींच्या शर्यतीच्या गेमचा भारी नाद. तो गेल्यावर बहिणीच्या सासूबाईंनी त्याचा स्वेटर आठवण म्हणून डब्यावर पांघरला, आणि तेव्हापासून गेम मध्येच थिजू लागला. दुरुस्तीवाल्याला बोलवायचं सोडून कुणीतरी गेलेल्यांशी बोलणाऱ्या लहरीकाकांना बोलावलं. आता दर रविवारी त्यांची बैठक बहिणीच्या या खोलीतच भरत होती.

"देह जातो, लहर राहते," काका डोळे मिटून सांगत होते. "लहरीला वायर लागते. म्हणून तो कपाटात नाही, माळ्यावर नाही. कंप्युटरमध्येच आहे."

माना डोलल्या. माळ्यावर वायर नव्हती, हे खरंच होतं.

रीत अशी होती: मनात प्रश्न धरायचा आणि बहिणीच्या दिराने शर्यत खेळायची. गाडी शेवटपर्यंत गेली तर होकार, मध्येच थिजली तर नकार. माझी ही धाकटी बहीण नर्स आहे. दुसऱ्या गावच्या दवाखान्याने तिला राहण्याच्या सोयीसकट नोकरी देऊ केली होती आणि आज त्यांना उत्तर हवं होतं. किती दिवस ती नुसतं "बघू" म्हणत होती. तिचा प्रश्न आला की गाडी हटकून थिजायची.

आज आधी शेजारणीचा नंबर लागला. मुलीचं लग्न ठरवू का, एवढंच तिला विचारायचं होतं. काकांनी स्वेटर अलगद उचलून मांडीवर घेतला. "आज माझ्याजवळ बसतो म्हणतोय." गाडी सुसाट शेवटपर्यंत गेली. शेजारीण रडायलाच लागली.

मग बहीण पुढे आली. काकांनी डब्याला तळहाताची मागची बाजू लावली, तापलेल्या माणसाच्या कपाळाला लावतात तशी, आणि स्वेटर पुन्हा डब्यावर नीट पसरला. "नवऱ्याला विचारायचंय ना? त्याची जागा त्याला द्या."

बाही उठली, जाळीला चिकटली. थोड्याच वेळात गाडी वळणावर थिजली.

"वहिनी, दादाच नको म्हणतोय," दीर म्हणाला. बहिणीने मान खाली घातली.

"मलाही एक प्रश्न विचारायचाय," मी म्हणाले. "पण आधी डबा गार होऊ द्या."

"ताई, लहरीला थंडी-ऊन नसतं," काका हसले.

"मग थांबायला काय हरकत आहे?"

कुणालाच हरकत सापडली नाही. डबा गार झाल्यावर मी स्वेटर काढून सासूबाईंच्या हातात दिला आणि त्याच जागी माझ्या पिशवीतला प्रयोगशाळेचा पांढरा कोट पांघरला, बाही जाळीसमोर सोडून. दिराने शर्यत सुरू केली. बाही उठली, चिकटली. गाडी थिजली.

सगळे वाकून बाहीकडे पाहू लागले.

"हा कुणाचा हात?" मी विचारलं. "माझा म्हणाल, तर मी इथे बसलेय."

"लहर कोटातही शिरते," काका म्हणाले.

"शिरू दे. भाऊजी, आता बाही नुसती वर दुमडा आणि परत खेळा."

कोट तिथेच होता. गाडी शेवटपर्यंत गेली. दिराने न सांगता आणखी एक शर्यत खेळून पाहिली. तीही पुरी झाली.

"गेमला मेहनत जास्त, म्हणून आतलं यंत्र तापतं," मी सांगितलं. "मग आतला पंखा जोराने हवा ओढतो आणि हवेबरोबर बाहीही. ती जाळीवर बसली की हवा बंद, आणि यंत्र थिजतं. काकांना हे ठाऊक आहे. होकार हवा तेव्हा ते स्वेटर मांडीवर घेतात, नकार हवा तेव्हा डब्यावर ठेवतात. ही त्या नोकरीला गेली तर तिची ही खोली बंद होणार. मग यांनी बैठक कुठे भरवायची?"

"म्हणजे काका, तुम्ही..." शेजारीण एवढंच म्हणाली. काका चपला शोधू लागले.

"यंत्राला ताप येतो, मत नसतं," मी तिला म्हणाले. "लग्नाचं मुलीला विचारा. ती उत्तर देऊ शकते. आणि कुणी चमत्कार दाखवला तर एकच गोष्ट बदलून पुन्हा दाखवायला सांगा."

सासूबाई स्वेटरची बाही बोटांत धरून बसल्या होत्या. "मला वाटायचं, तो हात हलवतोय."

बहीण त्यांच्याजवळ गेली. तिने स्वेटर उलगडला, त्यांच्या अंगात घातला आणि लांब झालेल्या बाह्या मनगटापर्यंत दुमडल्या.

"ऊब आहे गं याला," सासूबाई म्हणाल्या.

बहिणीने त्यांचा हात हातात घेतला. कंप्युटरकडे तिने पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही.

"आई," ती म्हणाली, "मी ती नोकरी घेतेय."