डावीकडून नववा

पुलाच्या फोटोत बाबा नव्हते, हे दादाला वयाच्या बाराव्या वर्षापासून तोंडपाठ होतं. आणि फोटो काही असातसा नव्हे. दोन्ही काठांकडून पुढे सरकत आलेला पूल नदीच्या मधोमध जुळला, त्या दिवशीचा तो फोटो. वरच्या तुळईवर बावीस कामगार ओळीत उभे. शाळेत तो, पोस्टात तो, बँकेच्या कॅलेंडरवर तो. बाबा त्या पुलावर तापलेले रिव्हेट, म्हणजे तुळया जोडायचे जाड खिळे, पत्र्याच्या डब्यात झेलायचे आणि घरी छातीठोकपणे सांगायचे की त्या ओळीत मीही होतो. कुठे, म्हणून विचारलं की हसायचे. म्हणायचे, नीट शोधा, सापडेन. दादाने भिंग लावून शोधलं. बावीसच्या बावीस तोंडं परकी! बाबांना त्याने तोंडावरच थापाड्या म्हटलं.

पुढे दोन वर्षांत बाबा गेले. घरात त्यांचा दुसरा एकही फोटो नव्हता, आणि असलेल्यात ते नव्हते. दादाने त्यांच्या नावावर थापाड्या असा कायमचा शिक्का मारला. लग्नकार्यात चारचौघांत सांगायचा, थापा माराव्यात तर आमच्या बाबांसारख्या. लोक खो-खो हसत. त्याची धाकटी बहीण मात्र दर वेळी तिथून उठून जायची. पण पुरावा नाही, तर भांडणार कशाच्या जोरावर? बघता बघता ती सत्तरीला आली नि दादा शहात्तरला.

अशात पेपरात बातमी आली. पुलाच्या बांधकामाच्या तीनशे काचा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या निगेटिव्ह, पालिकेच्या तळघरात सापडल्या होत्या. ज्यांची माणसं त्या कामावर होती त्यांनी येऊन ओळख पटवावी. धाकटीने दादाच्या मागे धोशाच लावला. गुडघ्यांच्या नावाने कुरकुरत का होईना, तो आला.

तळघरात लांबलचक टेबल, त्यावर खालून दिवा लावलेली काच, आणि हातमोजे घातलेली एक मुलगी. चष्मा डोक्यावर ठेवून तो टेबलभर शोधणारी. धाकटीला ती बघताक्षणी आवडली. ती एकेक काच दिव्यावर ठेवी आणि शेजारच्या पडद्यावर फोटो उमटे. नदीतून वर येणारे खांब, बांबूंची परांची, दोरीवर वाळत घातलेले सदरे. धाकटीला त्या सदऱ्यांचा वाससुद्धा आठवला, लोखंडाचा आणि घामाचा. माणसं मात्र सगळी धुरासारखी पुसट. मुलीने समजावलं की फोटोग्राफर जुन्या वळणाचा होता. पूल रेखीव यावा म्हणून कॅमेऱ्याचं भिंग पाच-पाच सेकंद उघडं ठेवायचा. तेवढ्यात जो हलला तो पुसला गेला. एक कुत्रं तेवढं दर महिन्याच्या फोटोत स्पष्ट होतं, कारण ते पठ्ठं दर महिन्याला झोपलेलंच.

"बाबा तर दिवसभर डबा घेऊन नाचायचे," दादा म्हणाला. "ते काय दिसणार कपाळ." तो उठायलाच लागला होता.

मुलगी म्हणाली, जरा थांबा. त्या फोटोग्राफरला एक खोड होती. बिघडलेली काच तो कधी टाकत नसे, पाकिटावर बिघाडाचं कारण लिहून जपून ठेवायचा. तिने तसं एक पाकीट उघडलं. पडद्यावर तोच जगप्रसिद्ध फोटो आला. तीच तुळई, तीच ओळ. दादाने सवयीने माणसं मोजली आणि पुन्हा मोजली. तेवीस होती.

मुलीने पाकिटावरचं वाचून दाखवलं, "डावीकडून नववा हलला. काच वाया. मुकादमाने त्याला खाली उतरवलं, मग दुसरी काढली."

नवव्या माणसाच्या हातात पत्र्याचा डबा होता, अर्धवट वर उचललेला. तोंड दोनदा उमटलं होतं, एकदा समोर आणि एकदा काठाकडे. दोन्ही अर्धी, दोन्ही पुसट. पण ते बाहेर आलेले कान! तसेच कान घेऊन दादा शहात्तर वर्षं हिंडत होता.

धाकटी पडद्याजवळ गेली. त्या दिवशी आईने तिला जेवणाचा डबा देऊन पाठवलं होतं. सहा वर्षांची होती. तिथे काठावर गप्प उभी राहा, असं आईने दहादा बजावलं होतं. पण वर ओळीत बाबा दिसले आणि हिने सगळा जीव गोळा करून हाक मारली. बाबांनी वळून हातातला रिव्हेटचा डबा हलवला. वर कोणीतरी ओरडलं. थोड्या वेळाने बाबा शिडीवरून उतरून आले आणि दोघं दगडावर बसून जेवले.

हे सगळं तिने दादाला सांगितलं, थांबत थांबत. इतकी वर्षं तिला वाटत होतं की बाबा जेवायला उतरले. आपल्यामुळे त्यांना ओळीतून काढलं, हे त्यांनी जिवात जीव असेपर्यंत कळू दिलं नव्हतं. त्यापेक्षा पोराकडून थापाड्या म्हणवून घेतलं.

मुलगी म्हणाली की चांगल्या फोटोची प्रत लगेच मिळेल.

"चांगला जन्मभर पाहिला," दादा म्हणाला. "आम्हाला हा बिघडलेला द्या."

मग तो धाकटीकडे वळला. "इतक्या लवकर कसे उतरलात, असं तू त्यांना विचारलं नाहीस?"

"विचारलं होतं."

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, तू आलीस ना."