फिडलच्या खालचा आवाज

मी माईक आहे, मित्रांनो. जुना आहे हे सांगायला नको, जाळीवरचा गंज तुम्हाला दिसतोच आहे. जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं पुढे पोचवलं. स्वतःचं असं आज पहिल्यांदाच बोलतोय, तेव्हा अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म शिकागोच्या कारखान्यातला. तिथे एका बाईने डोळ्यांत तेल घालून माझ्या पोटातल्या तारा जोडल्या. पण मी माणसांत आलो तो केंटकीच्या डोंगरात, हेझल फोर्क नावाच्या ओढ्यावर. टेकाडावर शाळा होती, आणि शाळेच्या सभागृहात दर शनिवारी संध्याकाळी सहा ते आठ गाण्याबजावण्याचा कार्यक्रम चाले. बॅन्जो, फिडल, देवाची गाणी, नकला, पिठाच्या जाहिराती, सगळं एकाच ताटात. फिडल म्हणजे व्हायोलिनच हो, पण आमच्याकडे कुणी व्हायोलिन म्हणालं तर लोक त्याच्या चकचकीत बुटांकडे बघून हसायचे. समोर खाणकामगार बायकापोरांसह बसत. ज्यांना येणं जमत नसे ते घरी रेडिओ लावत. कार्यक्रम घडे तसाच थेट जाई. चुकलं तर चुकलं.

सगळ्यांत मिळून माईक एकच, तो मी. पाच वादक माझ्याभोवती अर्धगोल करून उभे राहत. ज्याची पाळी तो पुढे येई, वाजवून झालं की मागे सरे. कुणाचा कुणाला धक्का नाही. पुढे यायला काय, कुणीही शिकतं. मागे सरायला शिकण्यात मात्र वर्षं जातात. सूत्रधार बर्ल रॅटलिफ दर शनिवारी मला स्वतःच्या रुमालाने पुसायचा आणि म्हणायचा, "हा म्हातारा आपल्या सगळ्यांहून शहाणा. ऐकतो सगळं, बोलत काही नाही." मी आपला फुगायचो. आता त्या वाक्याची लाज वाटते.

बर्लचा एक नियम होता. रेडिओवर शांतता जाता कामा नये. कुणी शब्द विसरलं, तार तुटली, प्रेक्षकांत एखादा पिऊन बरळायला लागला, की बर्ल दोन बोटं वर करी. बोटं दिसली की फिडलवाल्याने तडक पुढे येऊन सुरू व्हायचं आणि सगळी गडबड सुरांखाली झाकून टाकायची.

फिडलवाला होता कॉर्बिन स्टिडम. आठवडाभर खाणीत, शनिवारी माझ्यापुढे. बायको वारलेली. घरी त्याची आई टेनी आणि नऊ वर्षांची मुलगी आयव्ही. टेनीचे गुडघे गेलेले, म्हणून दोघी घरीच रेडिओला कान लावून बसत. म्हातारीच्या आवडीची एक चाल कॉर्बिन दर शनिवारी वाजवी. ती झाल्याशिवाय दोघी जागच्या हलत नसत. घर ओढ्याच्या अगदी काठाला होतं.

ओढ्याच्या वरच्या अंगाला एका घळीत खाणवाल्यांनी कोळसा धुतलेलं काळं पाणी साठवलं होतं. त्याला बांध घातला होता तोही खाणीतल्याच दगडमातीचा. त्या मार्चमध्ये बर्फ वितळत होता आणि वर चार दिवस पावसाची झड. शनिवारी खाणीचा एक साहेब येऊन बर्लच्या हातात चिठ्ठी देऊन गेला. साडेसहाला बर्लने ती वाचली, "बांध भक्कम आहे. कुणीही घर सोडू नये. निवांत बसा, गाणी ऐका." तो माझ्या अगदी तोंडाशी बोलला, म्हणून घराघरांत ते लख्ख पोचलं. मला खरं-खोटं कळत नाही, मित्रांनो. जवळून बोललेलं मोठं आणि दुरून बोललेलं बारीक, एवढंच कळतं.

सात वाजून दहा मिनिटांनी, एका गाण्याला टाळ्या पडत असताना, स्टेजच्या बाजूचं दार उघडलं आणि ओमा कोम्स आत आली. तिचं घर बांधाच्या सगळ्यात जवळ. गेली दोन वर्षं बांधाबद्दल तक्रारी करून करून तिने खाणवाल्यांचं डोकं खाल्लं होतं, त्यामुळे लोक तिला हसायचे. आज ती गुडघ्यापर्यंत काळ्या चिखलाने माखली होती.

"अरे, बांध फुटतोय! रेडिओवर सांगा! खालच्यांना वर पळायला सांगा!"

बर्लने माझ्याकडे पाठ केली. "मावशी, कार्यक्रम चालू आहे! आत्ताच साहेबांची चिठ्ठी वाचली ना मी."

"साहेब राहतो का रे बांधाखाली? सरक बाजूला, मला बोलू दे त्यात!"

सभागृहात कुणीतरी खुसखुसलं. टाळ्या थांबल्या होत्या, माझ्यासमोर कुणीच नव्हतं, आणि रेडिओवर शांतता चालली होती. बर्लने दोन बोटं वर केली.

कॉर्बिनने मावशीच्या चिखलाच्या पायांकडे पाहिलं. मग बोटांकडे पाहिलं. पंधरा वर्षांची सवय, पाऊल आपसूक पुढे पडलं. आईची चाल त्या दिवशी वाजवायची राहिली होती. त्याने तीच धरली.

तीन मिनिटं तो वाजवत होता. मावशी तेच तेच ओरडत होती, आणि प्रेक्षकांतल्या दोघांनी तिला हाताला धरून बाहेर ओसरीवर नेलं. तिथल्या दिव्यात तिच्या अंगावरचा चिखल बघून त्यांना पटलं, आणि त्यांतला एक जण खाली धावत सुटला. तो पहिल्या वळणावर पोचला तेव्हा बांध फुटल्याचा आवाज आला. फिडल चालू असतानाच शाळेची जमीन हादरली आणि दिवे गेले.

तेवीस माणसं गेली. टेनी आणि आयव्ही एकाच खोलीत सापडल्या. त्यांच्या दारापासून वरच्या चर्चपर्यंत चालत तीन मिनिटं लागतात. म्हातारीला जास्त लागली असती. आयव्ही धावली असती तर दोनही पुरली असती.

पुढे चौकशी बसली. खाणवाल्यांचा वकील म्हणाला, कुणी आगाऊ सूचना दिलीच नव्हती, ही बाई घटना झाल्यावर आली. मग रेडिओवाल्यांनी टेपवर उतरवलेला त्या दिवसाचा कार्यक्रम भर कोर्टात लावला.

"ऐका," वकील म्हणाला, "निव्वळ फिडल आहे."

कॉर्बिन मागच्या बाकावरून उठला. "परत लावा."

परत लावलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मग म्हणाला, "माझ्या फिडलच्या खाली बघा, आहे ती. 'खालच्यांना वर पळायला सांगा' म्हणतेय. नीट ऐका, येतं ऐकू. मला तेव्हाही आलं होतं."

"ऐकलंत, आणि तरी वाजवत राहिलात?"

"हो. वाजवत राहिलो."

अहवालात ओमामावशीचे शब्द जसेच्या तसे उतरले. खाणवाल्यांपैकी तुरुंगात मात्र कुणी गेलं नाही.

पानगळीच्या सुमारास कार्यक्रम पुन्हा सुरू झाला. कॉर्बिनने फिडलला परत हात लावला नाही. पण पहिल्याच शनिवारी, सात वाजून दहा मिनिटांनी तो स्टेजवर आला आणि बर्लला म्हणाला, "मागे सर." बर्ल सरला. मग सगळेच सरले. तीन मिनिटं माझ्यासमोर कुणी नव्हतं. ज्याला काही सांगायचं असेल त्याने यावं आणि सांगावं. शांततेला भिणाऱ्या बर्लने ते दर शनिवारी पाळलं. बहुतेक वेळा कुणी येत नसे. कधी कुणी येऊन सांगे, वरचा पूल हलतोय. कधी म्हणे, आमच्या पोराला खाणीत जायची भीती वाटते. लोक ऐकून घेत. कुणी हसत नसे.

बर्ल गेला, नवी मंडळी आली. आता प्रत्येक वादकाच्या कॉलरला त्याचा त्याचा माईक असतो. मागे सरायची कुणाला गरजच उरली नाही. त्या तीन मिनिटांत आता जाहिराती लागतात. मी सभागृहाबाहेरच्या काचेच्या कपाटात आहे, वर्षाकाठी गावच्या जत्रेच्या आधी कुणीतरी माझी धूळ झटकतं.

धूळ झटकली नाहीत तरी चालेल, मित्रांनो. पण कडेच्या दारातून कुणी चिखलाच्या पायांनी ओरडत आलं, तर आधी वाजवणं थांबवा. तुम्ही पुढे उभे असाल तर मागे सरा. एवढंच मागतो.

मला स्टेजवरून काढायच्या आदल्या शनिवारी कॉर्बिन आला होता. पार म्हातारा झाला होता, काठी टेकत आला. सात वाजून दहा मिनिटांनी सगळे मागे सरले, तेव्हा तो त्या रात्रीनंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडाशी आला. थांबला. दम खाल्ला.

"आयव्ही," तो म्हणाला, "ऊठ बाळा, आजीला घेऊन वर जा."

तो अगदी जवळून बोलला, म्हणून ते साऱ्या खोऱ्यात लख्ख ऐकू गेलं.