जाताना तीन, येताना दोन

एकतीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होतो, गंगापूर डेपोला. त्या एकतीस वर्षांत अर्धा तालुका पोरांच्या वयावरून माझ्याशी खोटं बोललाय. चांगल्या दहा-बारा वर्षांच्या पोरीला मांडीवर दाबून बसवून "आत्ताच पाचवं लागलंय" म्हणणाऱ्या बाया मी पाहिल्यात. त्यामुळं कुणी माझ्यापासून काही लपवायला लागलं की ते मला त्याच्या बसण्यावरूनच कळतं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण नजर काही निवृत्त झाली नाही.

तर चैत्रात आमच्या घरात काहीतरी शिजत होतं.

घरात आम्ही चौघं. मी, माझी बायको आवडाबाई, मुलगा सोमनाथ आणि सून तनुजा. सोमनाथ वाळूजला कंपनीत जातो, तनुजा अंगणवाडीत आहे. एका रविवारी मी ओट्यावर दाढी करत होतो आणि सोमनाथ आत फोनवर बोलत होता. आवाज बारीक. स्वतःच्या घरात बारीक आवाजात बोलणारा माणूस मला खपत नाही. मी हात थांबवला आणि कान दिला.

"हैदराबाद. व्हय, दोनच दिवस. जाताना तीन, येताना दोन," तो म्हणाला. मग जरा थांबून, "नाय नाय, बरोबर ऐकलं तुम्ही. तीन जाणार, दोन येणार."

अर्धी दाढी तशीच ठेवून मी डोकं चालवलं. हैदराबाद आमच्यापैकी कुणीही पाहिलेलं नाही. तिथं आमचं कुणी नाही, म्हणजे मी तरी तसंच धरून चालतो. तनुजाला सुट्टी मिळत नाही हे ती रोज ऐकवते, तेव्हा ती घरी राहणार. जाणारे तीन म्हणजे सोमनाथ, आवडा आणि मी. सोमनाथला नोकरी आहे, तो परत येणारच. आवडाशिवाय या घरात चहासुद्धा धड होत नाही, तीही येणार. मग येत नाही तो कोण? सरळ होतं. माझा गाल साबणानं वाळून चरचरायला लागला तरी मी तसाच बसून राहिलो.

एकदा संशय आला की मागच्या सगळ्या गोष्टी आपोआप ओळीनं येऊन बसतात. पंधरा दिवसांपूर्वी तनुजानं माझ्या गोळ्यांच्या वेळा एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून काढल्या होत्या. मी म्हटलं, कशाला? तर म्हणाली, "असू द्या मामा, कुणी जवळ नसलं तर बरं पडतं." कुणी जवळ नसलं तर! त्याच्या दुसऱ्या दिवशी आवडानं मला चुलीपुढं, म्हणजे गॅसपुढं, उभं केलं आणि खिचडी शिकवली. छत्तीस वर्षांत तिनं मला स्वयंपाकघरात पाणी प्यायलाही थांबू दिलं नव्हतं. आता एकदम मुगाची डाळ किती, पाणी किती, शिट्ट्या किती. मी विचारलं, "मला कशाला हे?" तर माझ्याकडं न बघता म्हणाली, "माणसाला आलं पायजे."

त्यात माझे कपडे नाहीसे व्हायला लागले. दोन जुने पांढरे सदरे आणि एक लेंगा. धुऊन धुऊन मऊ झालेले, मला तेच आवडतात. विचारलं तर आवडा म्हणाली, कुठं जाणार, असतील. बाज उचलून पाहिली, ट्रंक पाहिली, नाहीत. म्हणजे माझं सामान भरायलाही सुरुवात झाली होती, आणि तेही जुनं देऊन, नवे सदरे घरी ठेवून. याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

मी वर्तमानपत्रात वाचलेलं आहे. म्हाताऱ्या माणसाला मोठं शहर दाखवायला म्हणून नेतात, जेवू घालतात, फोटो काढतात आणि एखाद्या आश्रमाच्या बाकड्यावर बसवून "आलोच" म्हणून जातात. मोठ्या शहरात हे जमतं. गंगापुरात मला कुठंही सोडलं असतं तर संध्याकाळच्या आत कुणीतरी गाडीवर बसवून घरी आणून घातलं असतं.

पण मी काय असा तसा प्रवासी नव्हतो. मीही माझी तयारी सुरू केली.

आधी गेलो फारूखभाईकडं. फारूखभाई ड्रायव्हर, वीस वर्षं आमची जोडी एका गाडीवर. त्याची बहीण हैदराबादला दिलेली, त्यामुळं त्याला ते शहर पाठ. स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा सांगितला आणि विचारलं, "फारूखभाई, हैदराबादेत माणूस एकटा पडला तर परत कसा येतो?"

"स्टेशनवर जायाचं, मनमाडकडं जाणारी गाडी विचारायची. आपली इकडची हिंदी तिथं मस्त चालती, उलट लोक खूश होत्यात," तो म्हणाला. "पर तुम्ही कायको एकटे पडताय?"

मी त्याला सगळं सांगितलं. फोन, खिचडी, पुठ्ठा, सदरे. तो बराच वेळ चहात चमचा फिरवत राहिला. त्याच्या चहात साखर नसते, त्याला शुगर आहे. हेही मला खटकलं.

"सांडूभाऊ," तो म्हणाला, "तुमचं तिकीट काढलंय हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

"असली कामं सांगून करत्यात व्हय?"

"नाय, तसं नाय. हैदराबादमधी तुमची..." तो थांबला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "त्या दिवशीची घंटी अजून माझ्या कानात हाय, भाऊ."

मी चहा अर्धा टाकून उठलो. तो कशाबद्दल बोलत होता ते मला कळलं होतं. पण तो विषय मी कुणालाच काढू देत नाही, त्यालाही नाही.

घरी येऊन मी बंडीला आतून चोरखिसा शिवला, स्वतःच्या हातानं. त्यात फारूखभाईचा नंबर आणि घरचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी ठेवली. आधार कार्ड देवाच्या फोटोमागं सरकवलं, कारण ओळखपत्राशिवाय आश्रमवाले घेत नसावेत असा माझा अंदाज होता. रोज सकाळी स्टँडपर्यंत दोन फेऱ्या मारायला लागलो, वेळ आली तर स्टेशनापर्यंत चालता यावं म्हणून. आवडा एकदा म्हणाली, "बरं वाटतंय, हिंडायला लागलात." मी मनात म्हटलं, वाटू दे.

घरातल्यांच्या कुजबुजी वाढल्या. मी आत गेलो की बोलणं थांबायचं आणि तनुजा लगेच पंखा वाढवायला उठायची. फळीवर एक मोठा स्टीलचा डबा आला, त्याला कडीला दोरी बांधलेली. वास तुपाचा. मी हात लावला तर आवडा कडाडली, "त्याला हात लावू नगा!" पन्नास वेळा उपाशी राहून माझ्या पानात तूप वाढणारी बाई. तिच्या त्या आवाजानं मी खरंच घाबरलो. सोमनाथचं मी समजू शकत होतो, पोरं बदलतात. आवडा त्यात सामील आहे हे मला सहन होईना.

निघायला दोन दिवस राहिले तेव्हा मी फोडलंच. सकाळी सगळे चहाला बसले होते. मी कप खाली ठेवला.

"मी येणार नाय," मी म्हटलं. "हैदराबादला मला सोडून यायचा डाव हाय ना तुमचा? जाताना तीन, येताना दोन. मी ऐकलंय सगळं. ह्या घराच्या विटा मी रचल्यात. मला हितून कुणी हलवणार नाय."

तनुजाला हसू आलं, पण आवडाचं तोंड बघून तिनं पदर तोंडाला लावला. सोमनाथ खाली बघत होता.

"आबा," तो म्हणाला, "तुमचं तिकीटच नाय."

"म्हंजी?"

"तीन म्हंजी मी, तनुजा आन् आई. तनुजानं सुट्टी टाकली हाय. आमी दोघं दोन दिवसांत परत येणार. आई ऱ्हाणार तिथं."

महिनाभर मी त्या गाडीतून पळून यायची तयारी करत होतो, आणि त्या गाडीत मी नव्हतोच. पुठ्ठा, खिचडी, सगळं मला घरी ठेवून जाण्यासाठी होतं. आश्रमाची भीती गेली त्याचा आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही.

"आई कशाला ऱ्हाणार?" मी विचारलं.

आवडानं पहिल्यांदा माझ्याकडं सरळ पाहिलं.

"सुलेखाचे दिवस भरत आलेत," ती म्हणाली. "पयलं बाळंतपण माहेरी असतं. तिला माहेरी येता येत नाय, म्हणून मी जाते. सव्वा महिना ऱ्हाणार. तुम्हाला निघायच्या दिवशी सांगणार होतो. आधी सांगितलं असतं तर तुम्ही जाऊ दिलं नसतं."

"आन् माझे सदरे?"

"बाळाला मऊ कापड लागतं. घरातल्या थोराच्या अंगावरचं. दुपटी शिवलीत त्यांची."

आता तो विषय सांगतो, जो मी कुणाला काढू देत नाही.

सुलेखा माझी थोरली. नर्सिंग शिकली, हैदराबादला दवाखान्यात लागली, तिथंच अतुल नावाच्या मुलाशी लग्न केलं आणि आम्हाला नंतर फोन केला. जात वेगळी. मी फोन ठेवून दिला. चार वर्षांपूर्वी, असाच चैत्र, दोघं रेल्वेनं लासूर स्टेशनला उतरली आणि गंगापूरच्या बसमध्ये चढली. ड्यूटी माझी होती. बस भरलेली. ती म्हणाली, "आबा, दोन गंगापूर." मी पैसे घेतले, तिकिटं दिली. तिकडं न बघता दिली, पण दिली. मग मला गंगापूरचा स्टँड दिसायला लागला, तिथं माझ्या गाडीतून ही दोघं उतरणार, सगळा डेपो बघणार. चिंचेच्या फाट्यावर मी घंटी मारली. एक घंटी म्हणजे थांब. फारूखभाईनं गाडी थांबवली नाही. मी परत मारली. गाडी थांबल्यावर दोघांना म्हटलं, उतरा.

ती म्हणाली, "आबा, आमच्याकडं तिकीट हाय."

एकतीस वर्षांत तिकीट असलेला प्रवासी मी कधी वाटेत उतरवला नाही. तेवढे दोन सोडून. ती उतरली, तिच्यामागं तो बॅग घेऊन उतरला, आणि मी दोन घंट्या मारल्या. ती परत लासूरला गेली आणि तिथून हैदराबादला. त्यानंतर माझ्याशी बोलली नाही. मीही बोललो नाही. मी बरोबर होतो असं मी चार वर्षं स्वतःला सांगत आलोय आणि दर वेळी ते जास्त जोरात सांगावं लागतं.

त्या सकाळी मी आवडाला एवढंच विचारलं, "मला बोलवलं नाय तिनं?"

"मी विचारलंच नाय तिला," आवडा म्हणाली. "कंच्या तोंडानं विचारू?"

दोन दिवसांनी दुपारच्या बसनं ते लासूरला निघाले. कुणी मला चला म्हणालं नाही. मीच डबा उचलला. लाडू होते त्यात, डिंकाचे. माझा तिसरा सदरा, अंगातला शेवटचा मऊ, मी सकाळीच धुऊन, वाळवून, घडी घालून आवडाच्या पिशवीत वर ठेवला होता. तिनं पाहिला आणि घडी नीट केली.

"स्टेशनापर्यंत येतो," मी म्हटलं. सोमनाथनं माझं लासूरपर्यंतचं तिकीट काढलं.

मी खिडकीशी बसलो, आवडा शेजारी. मधल्या वाटेवर मी खिडकीतून बाहेर बघत होतो आणि स्टेशनवर काय होईल ते मला दिसत होतं. फोन येईल. सुलेखा विचारेल, निघालात का, सोबत कोण आहे. आवडाला खोटं बोलावं लागेल, नाहीतर खरं. आणि मी तिथं हातात डबा घेऊन उभा असेन, जिनं बोलावलं नाही तिच्याकडं जाणाऱ्या गाडीपाशी. चिंचेचा फाटा आला. मी डबा आवडाच्या मांडीवर ठेवला, उठलो आणि दोरी ओढली. एकदा.

"आजोबा, तुमचं तिकीट लासूरचं हाय," नवा कंडक्टर ओरडला.

"असू दे," मी म्हटलं.

सोमनाथ अर्धा उठला. आवडानं त्याचा हात धरून खाली बसवलं. तिला सगळं कळलं होतं. मी खाली उतरल्यावर तिनं खिडकीतून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "टोपी घाला. ऊन लई हाय."

बस गेली. फाट्याचं नाव चिंचेचं, पण चिंच रस्ता रुंद करताना कधीच तोडली. मैलाचा दगड तेवढा आहे, त्यावर बसवत नाही इतका तापतो. जीप येतात, पण भरलेल्या, थांबत नाहीत. सावली म्हणून काही नाही. मी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. पुढची बस सव्वा तासानं होती.

सुलेखा इथं सव्वा तास उभी होती. टाइमटेबल मला तेव्हाही पाठ होतं.