फाटकाने मोजलेले पाहुणे

दीपस्तंभाच्या फाटकापाशी अख्खं गाव माना वर करून उभं होतं. फाटक फिरतं, लोखंडी. माणूस आत शिरला की ‘खट्’ वाजतं आणि वरच्या पेटीतला आकडा एकने सरकतो; रात्री तो पुन्हा शून्यावर येतो. बाहेर पडायची वाट मागून. दिवसाला चार-पाचाच्या पुढे न जाणारा आकडा आज दुपारीच दोनशे त्र्याऐंशी! बेकरीवाल्या काकू तर डोळे पुसायला लागल्या.

ही कृपा आकडेमहाराजांची. काल ते आले, पेटीवर फुंकर मारली आणि म्हणाले, तुमच्या दिशा कोणीतरी बांधून ठेवल्यात, म्हणून पर्यटक वाट चुकतात. उपाय सोपा: रोज सकाळी प्रत्येकाने फाटकातून सात फेऱ्या घालायच्या, तोंडातून चकार शब्द न काढता. आमच्या गावाला गप्प बसवलं, हा एवढा चमत्कार मात्र मला मान्य आहे.

माझे बाबा आज सकाळी रांगेत पहिले. आमचं सात खोल्यांचं अतिथीगृह. दोन वर्षांपूर्वी इथलं थेट विमान बंद झालं, मग व्हिसाची फी दुप्पट झाली आणि खोल्या ओस पडल्या. आई परदेशातल्या एका हॉटेलात चादरी बदलायला गेली. तेव्हापासून घरात आम्ही दोघं आणि चौदा रिकामे पलंग. मी रोज वेगळ्या खोलीत अभ्यास करते; सोमवारी एक नंबर, मंगळवारी दोन. तेवढाच बदल.

आज बाबा चक्क शीळ घालत घरी आले. म्हणाले, "पर्यटक परतले गं. आईला आत्ता सांगतो, नोकरी सोड आणि ये."

मी नाचले, खरं सांगते. नाचत नाचतच गच्चीवर गेले, तर दोरी रिकामी. आमच्या धंद्यात पाहुणा म्हणजे वाळत घातलेली चादर. शेजारी, पलीकडे, कुणाच्याच दोरीवर चादर नव्हती. मग इतकी माणसं झोपली कुठे?

वही काढली. फेऱ्या घालणारे चाळीस, प्रत्येकी सात: दोनशे ऐंशी. उरले तीन. ते मी पाहिले होते. दोन म्हाताऱ्या बहिणी, आणि एकजण नुसता स्वच्छतागृह विचारत आला होता.

क्षणभर वाटलं, वही मिटावी. आई येईल ना. पण येऊन ती करील काय? रिकामे पलंगच झटकील.

बाबांच्या हातातला फोन काढून घेतला आणि त्यांना ओढत फाटकाशी नेलं. सगळ्यांदेखत दहा वेळा आत शिरले. खट्, खट्. दोनशे त्र्याण्णव.

"बघा, मी एकटीच दहा पर्यटक."

महाराज गोड हसले. "बाळ, अश्रद्धेने नुसता आकडा वाढतो, पाहुणा नाही."

"आणि श्रद्धेने कोण वाढलं, महाराज?" बेकरीवाल्या काकूंनी विचारलं. "माझे पाव सगळे तसेच पडलेत."

महाराजांना अचानक दुसऱ्या गावाची हाक ऐकू आली.

परतताना बाबा एवढंच म्हणाले, "एक दिवस तरी राहू द्यायचं होतंस."

फोन मीच लावला, आईला सगळा प्रकार सांगितला आणि म्हटलं, इतक्यात नोकरी सोडू नकोस.

लोकहो, आकडा दाखवणाऱ्याला आधी विचारा, नेमकं काय मोजलंत? पर्यटक फुंकरीने येत नाहीत. विमान लागतं, परवडणारा व्हिसा लागतो. त्यासाठी अर्ज लिहू या, सह्या चाळीस तयारच आहेत.

आज बुधवार, खोली नंबर तीन. खिडकीतून दोरी दिसते. तिच्यावर चादरी दिसल्या की आईला ये म्हणून मीच सांगणार आहे.